पाटलाचा शेवटचा उंदीर

खर्डीच्या पलीकडे पंढरी पाटलाचं भाताचं खाचर होतं. खाचराच्या बांधात उंदीर राहत, आणि उंदरांच्या जिवावर कातकरीवाडीची भिमी राही.

कापणी झाली की म्हातारी पहार घेऊन यायची. भरलेलं बीळ तिला वरूनच कळे. उंदरांनी ओढून नेलेल्या लोंब्या ती हातभर खोलातून काढायची आणि बांधावर बसून चोळायची. पाचेक पायल्या भात निघे. तेवढ्यावर शिमगा गाठायचा, म्हणजे या वयात लेकामागं वीटभट्टीवर जाणं टळे. पंढरीची बायको ठकू तिला बांधावर चहा नेऊन देई. ठकू वारली, मग चहा पंढरी करू लागला. भिमी तो तक्रार न करता पिई. एवढी मैत्री त्या शिवारात दुसरी नव्हती.

यंदा पिकाची नासाडी टाळायचं प्रशिक्षण द्यायला एका संस्थेची कुणाली मॅडम आली. तिच्याकडे एक लोखंडी चौकट होती. ती शेतात टाकायची आणि आत सांडलेले दाणे मोजायचे. पंढरीच्या आधी कापलेल्या हळव्या भाताच्या तुकड्यात एकशे बारा दाणे निघाले. मॅडमचा चेहरा असा पडला की ते एकशे बाराही आपणच बसून मांडलेत, असं पंढरीला वाटलं.

तो इरेला पेटला. बांध उकरून बिळं बुजवली, सापळे लावले. उरलेल्या भाताची कापून पसरलेली कडपं वाळताच उचलून ताडपत्रीवर झोडली. चिमण्यांनी दुसरं गाव धरलं. पुढच्या चौकटीत चार दाणे निघाले, त्यातला एक खडा होता.

"काका, शहापूरला तुमचा सत्कार," मॅडम म्हणाली.

मग भिमी आली. दोन दिवस तिनं बांध ठोकला. तिसऱ्या दिवशी पहार टाकून बसली.

"पाटील, उंदीर कुठं गेलं?"

"मारले गो. नुकसान करत होते."

"कुणाचं?"

याचं उत्तर प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

"घरातलं ने ना भिमे. पाच पायल्या ने."

"मी मागाया नाय आले." ती उठली. "सोमवारी मुकादमाचा टेम्पो हाय. जाईन भट्टीवर."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पंढरीनं स्वतः बांधात बीळ पाडलं. आत पाच पायल्या भात ओतलं आणि तोंडाशी चिखल लिंपला. वर उंदराच्या चार लेंड्याही टाकल्या, कारण कामात तो कमी ठेवणारा माणूस नव्हता. मग वाडीवर जाऊन म्हणाला, "कोपऱ्यात एक उंदीर दिसला बघ. मोठा होता."

भिमीनं पहार मारली, हात घातला, मूठ बाहेर काढली. पिवळंधमक भात. ना काडी, ना पोचट दाणा.

ती मुठीकडं बघत राहिली. "पाटील, तुमच्या उंदरानं पाखडलं पण?"

"ट्रेनिंग झालं होतं त्याचं," पंढरी म्हणाला.

भिमी हसली. डोळ्यांतून पाणी येईतो हसली. मग तिनं मूठ परत बिळात सोडली.

"ठकू लोंब्या टाकायची," ती म्हणाली.

"काय?"

"पुराच्या साली बिळं रिकामी होती. ती लोंब्या कोंबून गेली. उंदरासारख्या, आडव्यातिडव्या. ती बोलली नाय, मी बोलले नाय. पुढं दरसाल थोड्या टाकायची."

पंढरी वीस वर्षं त्याच घरात जेवत होता. त्याला हे ठाऊक नव्हतं.

"मग हेही ने की."

"आता तुमाला कळलं, मला कळलं. आता नेलं तर मागितल्यावाणी झालं." तिनं बिळावर माती ओढली, हातानं थापटली आणि पहार खांद्यावर घेऊन गेली.

सोमवारी टेम्पो गेला. मागं विटांच्या साच्यांवर भिमी बसली होती. पंढरी चहाचा तांब्या घेऊन बांधावर उभा होता. टेम्पो थांबणार नाही, हे त्याला माहीत होतं.

सत्काराआधी मॅडम फॉर्म भरायला आली.

"एकूण नुकसान? शून्य लिहू ना, काका?"

"पाच पायल्या लिहा."

"कशानं?"

"उंदरानं."

"पण उंदीर तर सगळे मारले ना?"

पंढरीनं कोपऱ्यातल्या थापटलेल्या मातीकडं पाहिलं.

"एक राहिला," तो म्हणाला.