नवसाची टोपी

भिवंडी-कल्याण रस्त्यावरच्या कोन नावाच्या गावात डॉक्टरचं कोणी ऐकत नाही. म्हणजे समोर मान डोलावतात, गोळ्यांची पुडी खिशात टाकतात आणि घरी येऊन आपल्याला हवं तेच करतात. नवस मात्र कोणी मोडत नाही. नवसापुढे भले भले मिशीवाले गप्प बसतात, हे गुणाबाईला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर नवऱ्याच्या डोक्यासाठी शिवलेल्या टोपीला तिने नवसाची टोपी म्हटलं. खोटं बोलली, हे खरं. पण ज्याला त्याचा राग येईल त्याने आधी सगळं ऐकून घ्यावं.

तिचा नवरा विठू कबड्डीचा गडी. पकडीत नव्हे, चढाईत नाव काढलेला. भिवंडीत लूमवर बारा तासांची शिफ्ट करून यायचा आणि चहाचा घोट घेऊन मैदानात उतरायचा. रेल्वेचा मोठा संप झाला त्या साली, दिवाळीनंतर, दोनदा त्याच्या डोक्याला मार बसला. पहिल्यांदा पकडीत कुणाचा तरी गुडघा कानशिलावर आला. दुसऱ्यांदा समोरच्या गड्याचं डोकं त्याच्या डोक्यावर असं आदळलं की आवाज बायकांच्या घोळक्यापर्यंत आला. दोन्ही वेळा लोकांनी तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला, पाठीवर थाप दिली. विठू उठला आणि पुन्हा खेळला. गावाने वाहवा केली. वाहवा करायला गावाचं काय जातं?

घरी आल्यावरचं फक्त गुणाबाईने पाहिलं. उजेड डोळ्यांना खुपतो म्हणून तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. खाल्लेलं उलटून पडायचं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायचा. आणि एके सकाळी शिफ्टला म्हणून निघालेला विठू रस्त्याच्या भलत्याच बाजूला, कल्याणच्या गाडीची वाट बघत उभा राहिलेला तिला दिसला. तिने हाक मारली तर म्हणाला, "भिवंडी हिकडंच ना?" ह्याच रस्त्यावर लहानाचा मोठा झालेला माणूस!

ती त्याला ओढतच भिवंडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, बोटं मोजायला लावली. म्हणाला, "कवटी शाबूत आहे, पण आत मेंदूला हिसका बसलाय. तीन महिने खेळ बंद. पुन्हा मार लागला तर माणूस हातचा जाईल."

"आनि डोक्याला काय जाड बांधलं तर?" गुणाबाईने विचारलं.

"त्याने जखम होणार नाही एवढंच. आतला हिसका टोपीने कसा थांबेल?"

ह्यातलं पहिलं वाक्य गुणाबाईने घरी आणलं. दुसरं दवाखान्यातच राहिलं. माणसाला जेवढं पेलतं तेवढंच ऐकू येतं.

तीन महिने खेळ बंद करणं शक्यच नव्हतं, कारण अंजूरला स्पर्धा लागली होती. दर रविवारी एक सामना, आणि शेवटच्या सामन्याला मुंबईच्या एका गिरणीचे साहेब येऊन गडी निवडणार होते. निवड झाली की गिरणीच्या संघात खेळायचं आणि गिरणीतच कायमची नोकरी. विठूचा बाप लूमचा खडखडाट ऐकत बहिरा होऊन मेला होता. विठूला त्यातून सुटायचं होतं.

"येवढी स्पर्धा खेळू दे, गुणा," तो म्हणाला. "साहेबानं नाव घेतलं की मंग मी तीन म्हैने काय, सा म्हैने गप बसतो."

"आनि मधेच कोनी डोक्यावर बसला तर?"

उत्तर तिनेच काढलं. लूमच्या कारखान्यात ती सुताच्या कांड्या भरायला जायची. तिथे मागच्या महिन्यात लूममधला लाकडी धोटा उडून दिवा फुटला होता, तर शेठने दुसऱ्याच दिवशी सगळ्या लूमना तारेची जाळी बसवली. दिव्याला जाळी मिळते, मग माझ्या नवऱ्याच्या डोक्याला का नको? तिने कारखान्यातलं टाकाऊ सूत पदरात बांधून आणलं, जुन्या लुगड्याचे थर केले, मधे सूत दाबून भरलं आणि गोधडीसारखे बारीक टाके घातले. कान झाकणारी, हनुवटीखाली बांधायची टोपी तयार झाली. विठूने घालून बघितली आणि हसू का रडू असं त्याला झालं.

"ह्ये तर तान्ह्या पोराचं टोपडं हाय! मैदानात लोकं मला पाळन्यात घालतील. आनि साहेब इचारंल, डोक्याला काय झालंय? बिघडलेला गडी कोन घेतो?"

तिथे खरी मेख होती. डोकं झाकलं की डोकं दुखावलंय हे जगाला कळणार. मग गुणाबाईने टोपीला पुढून लाल खणाचा तुकडा शिवला आणि नवऱ्याला बजावलं, "कोनी इचारलं तर सांगायचं, बायकोनं वज्रेश्वरीला नवस केलाय. पोर राहीपर्यंत टोपीबिगर मैदानात उतरायचं न्हाय."

लग्नाला सहा वर्षं होऊन त्यांना मूल नव्हतं. सगळ्या गावाला ते माहीत होतं, तेव्हा नवस कुणालाही पटणारा होता. विठूने जीभ चावली, पण मान हलवली.

आणि खोटं असं काही चाललं की खरंही तसं चालत नाही! अंजूरच्या मैदानात कुणीतरी "नवरदेव आला, बाशिंग बघा!" असं ओरडलं, तर कोनचा कर्णधार केसरीनाथ त्याच्या अंगावर धावून गेला. "देवीचा नवस हाय. हसशील तर तोंड वाकडं व्हईल." पंचाने टोपी दाबून बघितली, मऊ आहे म्हणाला आणि वर आपल्याच कपाळाला हात लावला. त्या सामन्यात एकाची टाच विठूच्या डोक्यावर बसली. गुणाबाईने डोळे मिटले. उघडले तर विठू उठून धूळ झटकत होता, हसत होता. त्या संध्याकाळी तो पोटभर जेवला, काही उलटलं नाही. गुणाबाईने टोपी उन्हात वाळत घातली आणि तिच्यावरून असा हात फिरवला जसा कुणी गुणी लेकराच्या पाठीवरून फिरवतं.

दुसऱ्या सामन्यालाही टोपी होती. आता शेवटचा तेवढा राहिला. आणि नेमकी तेव्हाच गुणाबाईला मळमळायला लागलं.

तिला कळायचं ते कळलं. सहा वर्षं जिच्यासाठी ती झुरली ती गोष्ट आली होती आणि ती ओरडून सांगायची सोडून दाबून ठेवायची वेळ तिच्यावर आली. पोर राहिलं की नवस फिटणार, नवस फिटला की टोपी उतरणार. एक रविवार, देवा, फक्त एक रविवार! ती पहाटे सगळ्यांच्या आधी उठून शेताच्या बांधाआड ओकून यायची. विठूलाही सांगितलं नाही. इतका आनंद आणि इतकी भीती एकाच पोटात कशी मावली, ते तिचं तिलाच माहीत.

पण केसरीनाथची बायको ठकुबाई शेजारी राहायची, आणि ठकुबाईच्या चुलीवर शुक्रवारी सुकट भाजली जात होती. तो वास येताच गुणाबाई पाण्याची कळशी टाकून धावली. ठकुबाईने परतून आलेल्या तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"किती दिस झालं गं?"

"काय न्हाय बाय. पित्त हाय."

"पित्त!" ठकुबाईने कानशिलावर बोटं मोडली. "मला शिकवते! चार बाळंतपनं झाली माजी. अगं, देवी पावली की तुला!"

दिवस तर नवसाच्या आधीच गेले होते. पण गावाला कुठला हिशेब? संध्याकाळपर्यंत साऱ्या आळीत साखर वाटून झाली. केसरीनाथ स्वतः दारात येऊन उभा राहिला, डोळे भरलेले. चांगला माणूस. ह्या गोष्टीत वाईट कोणीच नाही, हेच तर दुखणं आहे.

"विठू, उंद्या सकाळच्या गाडीनं वज्रेश्वरीला जायाचं. टोपी देवीच्या पायाशी ठेवायची, कुंडात अंघूळ करायची आनि परवा मोकळ्या डोक्यानं साहेबाम्होरं उतरायचं. फिटल्याला नवस अंगावर ठेवू न्हाय."

वज्रेश्वरीला पुरुष गरम कुंडात उतरायला गेले. विठू टोपी हातात घेऊन पायरीवर बसला होता. गुणाबाई त्याच्याशेजारी वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "अवो, काय पन सांगा आनि टोपी ठेवू नका. सोन्याची टोपी वाहीन म्हनाव, पन ही राहू द्या."

"अगं, पन नवस फिटला ना?"

"कसला नवस? आपून दोघांनी ठरवून सांगितलं व्हतं ना? डॉक्टर बोलला म्हनून."

विठूने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत लबाडी नव्हती, चेष्टा नव्हती. त्याला खरोखरच काही आठवत नव्हतं.

"कंचा डॉक्टर?" तो म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला. "देवीच्या नावानं खोटं? तू, गुणा? पोटात तिचं देनं हाय आनि तू असं बोलते?"

केसरीनाथला जाऊन सगळं सांगावं असं तिला वाटलं. दोन पावलं ती गेलीही. पण सांगायचं काय? की नवरा बिघडलाय, नोकरी नको? की देवीला बाजारात उभी केली आणि तरी तिने ओटी भरली? आपलं खोटं उघडं पडलं आणि देवीने दिलेलं परत घेतलं तर? तिने पोटावर हात ठेवला आणि ती मागे फिरली. विठूने दोन्ही हातांनी टोपी देवीच्या पायाशी ठेवली, आणि सगळ्यांबरोबर गुणाबाईनेही हात जोडले.

रविवारी अंजूरच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. गिरणीचे साहेब खुर्चीवर बसले होते. विठू मोकळ्या डोक्याने उतरला आणि पहिल्या अर्ध्या डावात त्याने असा खेळ केला की साहेबांनी शेजारच्याला त्याचं नाव विचारलं. ते बघून गुणाबाईला क्षणभर वाटलं, निभावलं! मग एका चढाईत दोघांनी त्याचे पाय ओढले आणि तिसरा वरून पडला. डोकं जमिनीवर आपटलं. फार जोरात नाही. विठू लगेच उठला, हात वर करून ठीक आहे म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटची चढाई त्याचीच होती. दोन्ही संघांचे गुण सारखे. विठू दम घेऊन पलीकडे गेला. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." एकाला हात लावला, दुसऱ्याला पाय. अर्धं मैदान उठून उभं राहिलं. आता फक्त मागे फिरायचं आणि मधली रेघ ओलांडायची. अंतर चार पावलांचं होतं.

विठू फिरला नाही. तो सरळ पुढे धावत सुटला, समोरच्या संघाची मागची रेघ ओलांडून, मैदानाबाहेर, दोन्ही हात उंच करून, जिंकल्यासारखा.

आधी कुणाला काही कळेना. मग समोरच्या गावाचा एकच गलका उठला. केसरीनाथने डोकं धरलं. त्या टोकाला दोरीमागे बायका उभ्या होत्या. विठू धावत येऊन गुणाबाईसमोर थांबला. त्याच्या तोंडून अजून "कबड्डी, कबड्डी" चालूच होतं. ओठ काळेनिळे पडत होते, पण तो दम सोडत नव्हता, कारण परक्या अंगणात दम सोडला की गडी बाद, एवढं त्याला अजून आठवत होतं. तो डोळ्यांनी तिला विचारत होता, ही आपलीच रेघ ना?

सगळं मैदान हसत होतं, ओरडत होतं. गुणाबाईने दोरीखालून जाऊन त्याचे हात धरले.

"आलात," ती म्हणाली. "घरी आलात. सोडा आता दम."

त्याने दम सोडला आणि तो तिच्या पायाशी कोसळला.

विठू मेला नाही. लोक म्हणतात, नशीब. गिरणीच्या साहेबांनी समोरच्या संघातला एक गडी निवडला. विठूला आता अधूनमधून फेफरं येतं, उभ्या उभ्या पडतो. देवीला वाहिलेली वस्तू परत मागता येत नाही, म्हणून गुणाबाईने दुसरी टोपी शिवली. तसंच सूत, तसेच टाके, फक्त लाल खण नाही. तासभर जी घालायची त्याला लाज वाटायची ती आता दिवसरात्र त्याच्या डोक्यावर असते, आणि कधी तिची लाज वाटायची हेही त्याला आठवत नाही. पहिली टोपी राहिली असती तर तो वाचला असता का? डॉक्टरचं ते दुसरं वाक्य गुणाबाईला आता रोज ऐकू येतं. तरीही ती स्वतःला सोडत नाही.

मुलगी झाली. गोदू. दोरीवर दोन टोपडी वाळतात, एक लहान, एक मोठं. विठू संध्याकाळी गावातून फिरून येतो आणि उंबऱ्याबाहेर थांबतो. ओठ हलत असतात. आतून कोणी "आलात" म्हटल्याशिवाय तो दम सोडत नाही आणि पाऊलही टाकत नाही. गुणाबाई भाकरी थापत असो की पोरीला पाजत असो, आधी ते म्हणते.

परवा तिला "आलात" म्हणायला उशीर झाला. गोदू नुकती चालायला लागलेली, टोपड्याचे बंद लोंबत होते, तशी डुलत डुलत उंबऱ्यापाशी गेली आणि बापाकडे बघून म्हणाली, "आला!"

विठूने श्वास सोडला. आत आला, पोरीसमोर बसला, तिच्या गालाला बोट लावलं. बऱ्याच दिवसांनी तो हसला.

"गोड हाय गं," तो गुणाबाईला म्हणाला. "कोनाची?"

गुणाबाईचे पिठाचे हात तसेच राहिले. खरं सांगायचं म्हटलं तर कितीतरी होतं.

"नवसाची हाय," ती म्हणाली.

"मंग देवी पावली म्हनायची," विठू म्हणाला, आणि त्याने पोरीच्या टोपड्याचे बंद नीट बांधून दिले.