बॅलन्स कोण खातं?

मोबाइल कंपनी बॅलन्स खाते, असं पुंजारामांचं ठाम मत होतं, आणि त्यांच्या बायकोने, द्वारकाबाईंनी, ते कधी खोडून काढलं नाही. कशाला काढतील? बॅलन्स त्याच खात होत्या.

दिवाळीला पुण्याहून आलेल्या पोराने घरच्या फोनवर इंटरनेट चालू करून दिलं होतं. मधलं बटण दाबलं की नातीच्या फोटोंचं पान उघडायचं. सूनबाई दोन-चार दिवसांनी त्यावर नवा फोटो टाकायची. जाताना पोरगा एवढंच म्हणाला, "आई, याला पैसे पडतात, जपून बघ." जपून म्हणजे पुंजाराम झोपल्यावर, असा द्वारकाबाईंनी सोयीचा अर्थ लावला. दुपारी जेवणं झाली, घोरणं सुरू झालं, की त्या चष्मा लावून बटण दाबत. फोटो वरून खाली हळूहळू उतरायचा. आधी टोपडं, मग कपाळ, मग डोळे. कधी कधी मध्येच बॅलन्स संपायचा आणि त्या दिवशी नात हनुवटीवाचूनच राहायची.

संध्याकाळी पुंजाराम फोन लावायला जात आणि बॅलन्स नाही हे ऐकून कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. द्वारकाबाई गुपचूप चहा ठेवत.

शेवटी एका बाजाराच्या दिवशी दोघं जाफराबादला लतीफच्या मोबाइलच्या दुकानात गेले.

"लतीफ, कंपनी लुटून राह्यली मला. बघ जरा."

लतीफने कंपनीत फोन लावून चौकशी केली. "काका, कंपनीचं काई न्हाई. रोज दुपारी नेट चालू होतंय. दहा केबीला दहा पैसे कटतेत."

"दुपारी तर मी झोपेल असतो."

लतीफने द्वारकाबाईंकडे पाहिलं. त्या पिशवीतल्या भेंड्या निवडू लागल्या.

"मंग बंदच करून टाक ते नेट," पुंजाराम म्हणाले. "बिलकुल नको."

लतीफने फोन हातात घेतला तशा द्वारकाबाईंनी भेंड्या सोडल्या. पुणं लांब, पोरगा वर्षातून एकदा येणार, आणि आता हेही जाणार.

"थांब रे लतीफ. ते मी बघून राह्यले. पोरीचे फोटो."

पुंजाराम बायकोकडे वळले. "रोज? पोरगी काय रोज बदलती का?"

"बदलती. परवा दात आला तिला. तुम्हाला हाय का ठावं?"

पुंजारामांना ठाऊक नव्हतं. चार गिऱ्हाइकांसमोर हे उघड व्हावं, हे काही बरं दिसलं नाही. "दाखव," ते म्हणाले. फोटो उतरू लागला. नाकापर्यंत आला आणि बॅलन्स संपला.

"काका, महिन्याचं पॅक घ्या," लतीफ म्हणाला. "अठ्ठ्याण्णव रुपये. मंग कितीबी बघा, खर्चा तेवढाच."

"कितीबी?"

"कितीबी."

पुंजारामांनी पैसे काढले. आणि एकदा दिलेले पैसे वसूल केल्याशिवाय सोडायचे नाहीत, हा त्यांचा जुना स्वभाव.

त्यांनी ते वसूल केले. उठल्यावर नात, जेवताना नात, मग कापसाचा भाव, मग हवामान, मग पुन्हा नात. पारावर जाऊन त्यांनी सगळ्यांना दात दाखवला. ज्यांनी पाहिला होता त्यांनाही दाखवला. द्वारकाबाईंनी फोन मागितला की, "थांब, पैसे भरेल हायेत त्याचे," असं उत्तर यायचं. दहा पैसे कटत होते तेव्हा निदान दुपार तरी त्यांची होती. नातीला दुसरा दात आला, तो त्यांना शेजारच्या गोजरबाईकडून कळला. त्या दिवशी त्यांना नवऱ्याचा खरोखर राग आला, आणि रडूही.

पुढच्या बाजाराला त्या एकट्याच लतीफच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, काका न्हाई आले?"

"त्यायला मान वर करायला टाइम न्हाई. मला एक फोन दाखव, नेटवाला. आन् पॅक महिन्याचंच टाक."