जैतुनबीची विळी

मी विळी बोलतेय. विळी. तासणी नाही, रंधा नाही आणि जहाज बांधायचं हत्यार तर मुळीच नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गेला महिनाभर मी दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर टांगलेली होते. माझ्याखाली पितळी पट्टीवर इंग्रजीत कोरलं होतं, 'हुसेनदादांचं हत्यार. आमच्या घराण्यातले दुबईचे पहिले पायोनियर.' येणारेजाणारे ते वाचून माना डोलवायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

हुसेनमियाँनी जन्मात मला एकदाच हात लावला, तोही अंगठा कापून घेण्यापुरता.

माझा जन्म रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावात झाला. लोहारानं जुन्या कोयत्याचं पोलाद तापवून माझं पातं काढलं, टोकाला खवणीचे दाते पाडले आणि फणसाच्या जाड पाटात मला ठोकून बसवलं. जैतुनबीच्या बापानं मला लेकीच्या लग्नात दिलं. विळी म्हणजे नुसतं पातं नव्हे, हे नीट समजून घ्या. पाट हे माझं अर्धं अंग. बाई पाटावर बसते, तिच्या वजनानं मी जागच्या जागी राहते, तेव्हा कुठे नारळ खवला जातो आणि मासा कापला जातो. बाई उठली की मी काही कामाची नाही. म्हणून माझ्या बाईचं वजन मला ठाऊक असतं. उपासातलंही आणि पोटात पोर असतानाचंही.

जैतुनबीचा नवरा हुसेन माणूस सरळ, पण दमेकरी. शिवाय त्याला समुद्र सोसायचा नाही. गावातले निम्मे पुरुष खलाशी, आणि हा खाडी ओलांडायला तरीत बसला तरी ओकायचा. घरात चूल पेटायची पंचाईत. त्या सुमाराला गावातल्या एका व्यापाऱ्याचं दुबईत बस्तान बसलं होतं. त्याची बायको गरोदर होती आणि तिला त्या परक्या मुलखात आपल्याकडचं शिजवून घालणारी बाई हवी होती. जायला कोणी तयार होईना. पुरुष जात होते, पण बाईमाणसानं नवऱ्याला मागे ठेवून दर्यापार जायचं म्हणताच गावानं तोंडात बोटं घातली. जैतुनबीनं दुडुदुडु चालणाऱ्या शाहबाजला सासूच्या मांडीवर ठेवलं, मला गोधडीत गुंडाळलं आणि मुंबईला जाऊन ती बोटीत चढली.

तेव्हाची दुबई कशी होती ते मला विचारा. भिंतीवर माझ्या शेजारी टांगलेल्या काळ्यापांढऱ्या फोटोंना काय विचारता? गोडं पाणी गाढवावर लादून यायचं. नारळ मुंबईच्या बोटीनं यायचे आणि निम्मे खवट निघायचे. व्यापाऱ्याच्या घरातलं स्वयंपाकघर म्हणजे मागच्या अंगणातली एक पडवी. उन्हाळ्यात माझं पातं हाताला चटका द्यायचं. तिथे बसून जैतुनबीनं दुसऱ्याच्या पोरांसाठी नारळ खवले, आणि खवताना स्वतःच्या पोराचं नाव पुटपुटली. ते मी ऐकलंय. तिच्याखाली मीच होते.

तिनं व्यापाऱ्याच्या मागे लागून, हातापाया पडून नवऱ्याचे कागद करवले. हुसेनमियाँ आला तो बोटीत ओकत आला आणि उतरल्यावर दोन दिवस निजून होता. मग गोदामावर रखवालदार झाला. पण त्याच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. तो चारचौघांत हसून सांगायचा, "मला बायकोनं आणलं." त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. कमीपणा वाटला तो पुढच्यांना.

पुढे दुबईतल्याच करामा नावाच्या वस्तीत दोन खोल्या मिळाल्या, शाहबाजही आला आणि जैतुनबीनं खानावळ घातली. आमच्या खाडीकाठची पोरं एकेक करून येत होती, विमानतळावरून थेट तिच्या दारात. जमिनीवर पंगत बसायची. माशाचं कालवण, भात, शुक्रवारी सुट्टीची सांदणं. पोरगा जेवला की ती त्याला कुठे काम आहे ते सांगायची, कोणाला भेटायचं ते सांगायची. मग तो आपल्या भावाला बोलवायचा, भाऊ मेहुण्याला. अर्धं गाव इथे आलं ते माझ्या पात्यावरच्या नारळावर पोसून. ह्याला पायोनियर म्हणत नसतील तर कशाला म्हणतात ते मला कोणीतरी सांगा.

शाहबाज मोठा झाला, ऑफिसात लागला, टाय बांधू लागला. लग्न करून कुलसुमला घरी आणली. जैतुनबीनं सुनेला माझ्यावर बसवलं आणि शिकवलं, "वाटी फिरव, हात नको फिरवू." तिच्या मागे बसून, तिचे हात धरून शिकवलं. सासू गेल्यावर कुलसुम मला घट्ट धरून रडली होती. पण चाळिसावा दिवस झाला आणि शाहबाजनं मला माळ्यावर फेकलं. बायकोला म्हणाला, "आपली आई लोकांच्या घरी चूल फुंकायला आली होती, हे ह्या घरातून बाहेर जायला नको. खलास." कुलसुमनं मान हलवली. शाहबाज वारला तरी तिची मान हललेलीच राहिली.

माळ्यावर मी गंजले, पण गंजाचा राग नाही आला. राग आला तो खाली उतरल्यावर.

शाहबाजचा मुलगा रफिक इथेच वाढला. त्याच्या ऑफिसात एक अमेरिकन साहेब आहे. त्या साहेबाचा खापरपणजोबा म्हणे छत टाकलेल्या बैलगाडीतून महिनोन्महिने प्रवास करून कुठल्याशा ओसाड मुलखात गेला, जंगल तोडलं, घर बांधलं. त्याची कुऱ्हाड साहेबाच्या भिंतीवर आहे आणि शेजारी सगळी वंशावळ. रफिक ते बघून आला आणि झपाटला. मला त्या साहेबाचा खापरपणजोबा ठाऊक नाही, पण एक विचारते. कुऱ्हाड भिंतीवर आली, मग त्या गाडीत ज्या तव्यावर भाकऱ्या भाजल्या तो तवा कुठे गेला? आणि भाजणारीचं नाव काय होतं?

रफिकनं वंशावळीच्या ॲपवर माहिती भरली, गावी फोन केले, जुना शजरा मागवला. शजरा म्हणजे घराण्याचं झाड. आमच्याकडे तो लिहायची रीत अशी की बापाखाली मुलगा, मुलाखाली त्याचा मुलगा. बाई त्यात नाही. जणू हे सगळे पुरुष फणसासारखे खोडालाच लागले. त्या झाडावर दुबईला आलेलं पहिलं नाव दिसलं हुसेन. झालं, रफिकनं ठरवून टाकलं. खाडीकाठचा माणूस, दुबईला आला, म्हणजे जहाजावरचा सुतार असणार. आणि माळ्यावर मी सापडले.

"अम्मी, हे दादांचं टूल ना? बोट बनवायचं?" त्यानं मला कुलसुमपुढे धरून विचारलं.

कुलसुमनं माझ्याकडे पाहिलं. तिनं मला ओळखलं, मी तिला ओळखलं. मग ती म्हणाली, "हो बेटा. असेल."

त्या 'असेल'नं माझं जेवढं पोलाद कापलं तेवढं गंजानं कापलं नव्हतं. रफिकचं एक वेळ समजू शकते. त्यानं आयुष्यभर फ्रीजरमधला खवलेला नारळ खाल्लाय. पण कुलसुम, तू?

मग माझी दशा झाली. पाट भिंतीवर सपाट बसेना म्हणून रफिकनं सुतार बोलावून तो कापून टाकला. मुठीएवढा तुकडा उरला, तो म्हणे हँडल. पात्याला धार नको म्हणून त्यावर चकचकीत वार्निश मारलं. जैतुनबी ज्या पाटावर बसायची, त्या फणसाच्या फळीची रवानगी बाल्कनीत, डुगडुगणाऱ्या वॉशिंग मशीनच्या पायाखाली. तिच्यावर आता घरभरचे मळके कपडे गरगरत होते.

काल रफिकनं लोकांना जेवायला बोलावलं. येत्या शनिवारी शारजात आमच्या जमातीचा मेळावा आहे, तिथे पहिल्या आलेल्या घराण्यांचा सत्कार होणार. एकदा तिथे स्टेजवरून नाव वाचलं की पुढची शंभर वर्षं तेच खरं. त्याआधी घरच्यांना शजरा दाखवायचा म्हणून हा थाट. अख्खी भिंत व्यापेल असा छापून आणला होता. पाहुण्यांत मुनीरचाचा होते, शारजात तीन दुकानं असलेले. मुनीर विमानातून उतरला तेव्हा त्याच्या अंगावर मांस नव्हतं. जैतुनबीच्या पंगतीत ते चढलं. आता त्यानं शजरा वरपासून खालपर्यंत पाहिला, पट्टी वाचली, मला पाहिलं. त्याच्या डोळ्यांत मी लख्ख दिसले असणार. आणि तो म्हणाला, "माशाअल्ला, रफिक. काय काम केलंयस." मग बिर्याणीकडे वळला. मला धार असती तर तिथेच त्याच्या पायावर पडले असते.

रफिकला चेव आला. त्यानं मला खुंटीवरून काढलं आणि पाहुण्यांना दाखवू लागला, "बेसिकली दादा हे असं धरायचे, दाते खाली, आणि लाकूड असं तासत जायचे." त्यानं मला उलटी धरली होती आणि हवेत ओढत होता.

"उलटी धरलीयस, रफिक," कुलसुम म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आवाज चढवला नव्हता.

"क्या अम्मी?"

"उलटी धरलीयस. ती विळी आहे. तुझ्या दादाची नाही, दादीची. तिच्यावर बसायचं असतं."

"अम्मी, गेस्ट आहेत. आपण नंतर बोलू ना?"

"नंतर म्हणता म्हणता मी म्हातारी झाले," कुलसुम म्हणाली आणि बाल्कनीत गेली. मशीन चालू होतं. तिनं कमरेचा त्रास विसरून खाली वाकून माझी फळी ओढून काढली. मशीन एका अंगाला कलंडलं आणि धडधड धडधड करत नाचू लागलं. त्या गोंधळात ती फळी घेऊन हॉलमध्ये आली, गालिच्यावर ठेवली आणि गुडघा धरत धरत तिच्यावर बसली. पाहुण्यांच्या हातातले चमचे थांबले.

"हुसेनदादा नंतर आले," ती मशीनच्या वरताण आवाजात म्हणाली. "आधी ती आली. एकटी. दुसऱ्यांच्या घरी रांधायला. तुझ्या अब्बांना त्याची लाज वाटायची, म्हणून मी गप्प बसले. मुनीरभाई, तुम्ही कोणाच्या हातचं जेवलात ते सांगा ह्याला. की तुम्हालाही लाज वाटते?"

मुनीरनं हातातला चमचा ताटात ठेवला. म्हणाला, "जैतुनखालाच्या. मला पहिलं काम तिनंच लावून दिलं." मग आणखी हळू म्हणाला, "मला वाटलं, तुम्हा लोकांनाच नको असेल सांगायला."

रफिकची बायको फिरदोस उठली, मशीन बंद केलं आणि येऊन सासूशेजारी खाली बसली. त्यांची मुलगी झारा, म्हणजे शाहबाजची नात, म्हणाली, "सो दादाज मॉम वॉज द पायोनियर?" रफिकचं तोंड उतरलं होतं. त्यानं मार्कर आणला, शजऱ्यापाशी गेला आणि हुसेनच्या बाजूला उरलेल्या चिमूटभर जागेत बारीक अक्षरांत लिहिलं, 'जैतुनबी, वाइफ ऑफ हुसेन.'

"वाइफ ऑफ काट," कुलसुम म्हणाली. "लिहायचंच तर त्यांच्यापुढे लिही, जैतुनबीचा नवरा."

"अम्मी, फॉरमॅट असा नसतो. शनिवारच्या आधी परत प्रिंट करू, इन्शाल्ला."

ह्या घरातला इन्शाल्ला मी चांगला ओळखते.

आज मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडून आहे, बाजूला माझी फळी. रफिक सकाळी डिंकाची ट्यूब घेऊन आला होता. कुलसुमनं ती परत पाठवली. ती म्हणाली, विळी चिकटवत नाहीत, ठोकतात. सध्या ती भांडी घासायच्या घासणीनं माझ्या पात्यावरचं वार्निश आणि त्याखालचा गंज खरवडतेय. तिचे हात म्हातारे झालेत, पण दाब तोच आहे, सासूनं शिकवलेला. तिच्यावरचा माझा राग निम्मा उतरलाय. उरलेला तिनं पहिला नारळ खवल्यावर उतरेल.

बाकीच्यांवरचा उतरलेला नाही. रफिक, मला भिंत नको आणि तुझी पितळी पट्टीही नको. स्टेजवर मला नेऊ नकोस. मला नारळ दे आणि वर बसणारं माणूस दे, मी माझं काम करते. शनिवारी नाव वाचशील तेव्हा जैतुनबीचं आधी वाच, घसा साफ करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आणि घरी आल्यावर मार्कर परत हातात घे. शजऱ्यावर शाहबाजखाली तू आहेस. शाहबाजच्या शेजारी काहीच नाही. तुला जन्म देणारी आत ओट्याशी उभी राहून माझा गंज काढतेय, ती अजून हयात आहे, आणि तुझ्या भिंतभर झाडावर तिचं नाव नाही. तेवढं तरी ती बघू शकेल तोवर लिही.