शुयूनचा लाल प्रबंध

ही हकिगत कुणाला खरी वाटणार नाही, आणि ज्याला वाटेल त्याने आधी आपलं डोकं तपासून घ्यावं. तरी चहा निवायच्या आत ऐकून घ्या. या चहाखान्यात आजवर याहून खरं कुणी काही बोललेलं नाही.

तान शुयून म्हणजे अस्मादिकांच्या भाचीची मुलगी. चेंगडूच्या एका विद्यापीठात चिनी विद्येत पदव्युत्तर संशोधन करायची. विषय काय, तर आपल्या डोंगराळ भागातले जुने शिलालेख. वसंत सरायच्या आत प्रबंध मान्य झाला तर उन्हाळ्यात डिग्री, आणि डिग्री हातात पडली की तालुक्याच्या शाळेत शिक्षिकेची जागा. ती जागा तिच्यासाठी राखून ठेवलेली होती, पण उन्हाळ्यापर्यंतच. त्यानंतर मुख्याध्यापकांचा पुतण्या टपूनच बसला होता.

घोडं अडलं ते यंत्रापाशी. हल्ली प्रबंध माणसाच्या आधी यंत्र वाचतं. दुसऱ्याचं वाक्य सापडलं की तेवढं लाल करतं. दहा टक्क्यांच्या वर लाल झालं की प्रबंध परत. आता शिलालेखावर लिहायचं म्हणजे शिलालेख उतरवून द्यायला नको? आणि तो तर आधीच्या सगळ्या पंडितांनी उतरवून ठेवलेला! शुयूनचा पहिला अहवाल इतका लाल आला की छपाईवाल्याची लाल शाई संपली, आणि त्या आठवड्यात गल्लीतल्या लग्नपत्रिका हिरव्या छापाव्या लागल्या. एका नवरदेवाने तर तेवढ्यावरून लग्न मोडलं.

तिच्या मार्गदर्शकांचं नाव यान. यान सर कधी लिहून कळवत नसत. फोनवर आवाजी निरोप धाडायचे, तोही जेवता जेवता.

“शुयून, लाल कमी करा,” एवढंच बोलून सर शेवया ओढायला लागले.

शुयूनने लाल कमी केलं. शिलालेखात साधं वाक्य होतं, ‘पाऊस पडेना, तेव्हा लोकांनी देवाला साकडं घातलं.’ तिने ते केलं, ‘पर्जन्याच्या अनुपस्थितीत स्थानिक रहिवाशांनी दैवी पातळीवर विनंती नोंदवली.’ यंत्र खूश झालं, पण सर खवळले.

“ही काय भाषा झाली? देवाकडे काय पाण्याच्या टँकरची मागणी नोंदवली का त्यांनी? मूळ वाक्य कुठंय?”

“सर, मूळ वाक्य घातलं की लाल होतं.”

“मग लाल कमी करा.”

झालं. मूळ वाक्य घालावं तर यंत्र परत पाठवतं, काढावं तर सर. पोरगी दोघांच्या मध्ये चेंडूसारखी टोले खात राहिली. शेवटी चिडून तिने सगळे शिलालेख उडवून नुसते आभार तपासायला टाकले. तेही लाल! ‘आईने माझ्यासाठी खाल्लेल्या खस्ता’ म्हणे दुसऱ्याच कुणाच्या आईच्या निघाल्या.

तिचा गुरुबंधू लेई, त्याच सरांच्या हाताखाली आधी पास झालेला. तो तिला म्हणाला, “अगं बावळट, ज्याच्यावर कुणीच लिहिलं नाही असा दगड शोध. नवा दगड म्हणजे लाल व्हायचा प्रश्नच नाही.”

“आणि तू काय केलं होतंस?”

“मी कादंबरीवर लिहिलं. मी काय वेडा आहे?”

असा दगड कुठे होता? इथेच, या चहाखान्याच्या मागच्या अंगणात! पालथा पडलेला, सपाट पाठीचा. त्यावर मंडळी माजाँग खेळायची. तो डाव आमच्या आजोबांच्या वेळेपासून चालू होता. कुणी मेलं तर शेजारचा त्याच्या सोंगट्या उचलून पुढे खेळायचा. शुयून सामान घेऊन वरच्या माडीवर येऊन राहिली आणि खेळणाऱ्यांना हात जोडून म्हणाली, “काका, जरा उठता का? दगड उलटायचाय.”

“पोरी, हात भरात आहे. उद्या बघू.”

उद्याही हात भरातच होता. तिने सिगारेटी दिल्या, सूर्यफुलाच्या बिया दिल्या, रडूनही पाहिलं. सूर्यफुलाच्या बिया तेवढ्या संपल्या. शेवटी गावातल्या गड्यांनी दगड खालून उचलला, आणि खेळणारे स्टुलांवर उभे राहून सोंगट्या हवेतच धरून खेळत राहिले. त्यात एकजण जिंकलाही.

मग ठसा घ्यायचं काम. अक्षरांवर ओला कागद बसवायचा, ब्रशने ठोकायचा, जरासा सुकला की शाईच्या बोळ्याने थापटायचं. पण आपल्याकडची हवा! कागद सुकेचना. शुयून त्याच्याशेजारी पंखा घेऊन बसून राहिली. कागदावर आधी बुरशी आली, मग अळंबी आली. ती अळंबी खेळणाऱ्यांनी तिखट रश्शात घालून खाल्ली, आणि चव बरी असली तरी शाई जरा जास्त झाली म्हणाले. पोरीने पुन्हा कागद लावला. तो वाऱ्याने नेला. तिसरा तिने स्वतःच्या अंगावर पांघरून, ऊब देऊन सुकवला. कित्येक दिवस तिच्या पाठीवरही पूल दुरुस्तीचा मजकूर वाचता येत होता.

हो, पूल दुरुस्तीचाच. कुणा जुन्या पंतोजीने लिहिलं होतं: पूर आला, पूल खचला, गावाने एकजुटीने दुरुस्त केला, नदीचं पाणी आरशासारखं आणि गावकऱ्यांची मनं त्याहून निर्मळ. कुठल्याही पुस्तकात नसलेला लेख! शुयूनने तो प्रबंधात घातला, बोटं एकमेकांत अडकवून यंत्राला दिला.

लाल. सगळाच्या सगळा लाल!

“हे कसं शक्य आहे?” ती माडीवरून ओरडली, तेव्हा बांबूच्या खुर्च्यांवर डुलक्या काढणारे सगळे दचकून जागे झाले.

शक्य होतं. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका शिलालेखावर कुणीतरी प्रबंध लिहिला होता, आणि तिथेही पूर तोच, एकजूट तीच, आरसाही तोच. पंतोजीने फक्त पुलाचं नाव बदललं होतं. आणि तो शेजारचा लेखही आणखी तिसऱ्याच दगडावरून उचललेला!

शुयून तरातरा अंगणात गेली आणि दगडाला म्हणाली, “अरे मेल्या, निदान नदी तरी स्वतःची लिहायचीस!”

“कुणाला बोलतेयस गं?” खेळणाऱ्यांपैकी एकाने विचारलं.

“ज्याने हे लिहिलं त्याला!”

“तो काय म्हणाला?”

“तो म्हणाला, लाल कमी करा!”

यान सरांना कळवलं तर सरांचा निरोप आला, पलीकडे भांडी वाजत होती, “म्हणजे हा दगडही चोरीचा. दुसरा बघा.”

बस. एवढं ऐकलं आणि पोरीचं डोकं फिरलं. तिने शेजारच्या त्या दोन्ही दगडांचेही ठसे घेतले, सगळे गुंडाळून पाठीला बांधले आणि थेट चेंगडू गाठलं. तोंडी परीक्षेच्या दालनात परीक्षक गरम पाण्याचे पेले घेऊन बसलेले. तिने सगळे ठसे भिंतीवर टांगले आणि म्हणाली, “हे सगळे पंतोजी एकमेकांची नक्कल करत होते. माझा प्रबंध आता याच्यावरच आहे. कोण कुणाकडून काय उचलत होतं, ते लालच दाखवतंय!”

“पण लाल...” यान सर म्हणाले.

“सर, आता तुमचा प्रबंध टाकते,” ती म्हणाली आणि सरांचा जुना प्रबंध तिने यंत्राला दिला. असा लाल झाला की दालनाचे पडदे लाल दिसायला लागले, बाहेरच्या झाडावरचे पक्षी संध्याकाळ झाली समजून घरट्यात शिरले. मग बाकीच्या परीक्षकांचे प्रबंध टाकले. तेही तसेच! शेवटी यान सर उठले, ताठ उभे राहिले, शुयूनला कमरेत वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, “पास! वरच्या श्रेणीत पास!” तिथल्या तिथे डिग्री दिली. यंत्राला सवयच लागलेली, त्याने डिग्रीही तपासली आणि तीही लाल केली, कारण मजकूर सगळ्यांसारखाच...

“आजोबा!”

जिन्यावर शुयून उभी होती. केस विस्कटलेले, डोळे तारवटलेले, एका हातात रिकामा थर्मास, दुसऱ्या हातात फोन.

“किती थापा माराल? मी चेंगडूला गेलेच नाहीये! तोंडी परीक्षेचा पत्ता नाही, प्रबंध अजून वरच पडलाय, आणि आत्ता या क्षणाला सरांचा निरोप आलाय, पुन्हा लाल कमी करा!”