मी पाहिलेली हिरवी जाळी

एका इस्पितळाच्या तळमजल्यावर, खिडकीला काळा कागद चिकटवलेल्या खोलीत, तीस वर्षं एकाच टेबलावर बसून राहिलेला मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मित्रांनो, मी थोडं वाढवून सांगतो, हे आधीच कबूल करतो. पण मला दोष देऊ नका. बारीकशी गोष्ट चारशे पट मोठी करून दाखवणं हाच माझा जन्मभराचा धंदा. तोंडालाही तीच सवय लागली.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. तिथल्या एका आजोबांनी माझं भिंग इतकं घासलं, इतकं घासलं, की त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा पुसून गेल्या. "यातून डासाच्या गुडघ्यावरचा तीळसुद्धा दिसेल," ते म्हणाले. दिसला. डास लाजला.

माझ्या पाठीशी एक खास दिवा आहे. त्याचा निळा उजेड पडला, की विशिष्ट रंग लावलेल्या गोष्टी हिरव्या चमकतात. आता याचा उपयोग काय, ते ऐका. आपल्या शरीरात जंतूंशी लढणारे पहारेकरी असतात. त्यांच्या साऱ्या फौजेला रोगप्रतिकारशक्ती म्हणतात. ज्याचा संशय येईल त्याच्यावर ते खूण चिकटवतात. पण काहींच्या शरीरात हे पहारेकरी बिथरतात आणि घरच्याच मंडळींना चोर समजतात. लाखांत एखाद्याला होणाऱ्या पेम्फिगस नावाच्या आजारात तर ते कातडीच्या पेशींना एकमेकींशी जोडणारे टाकेच उसवत सुटतात. मग कातडी सुटते, फोड येतात, तोंडात जखमा होतात. माझा रंग नेमका त्या खुणेलाच चिकटतो. ती चुकीच्या जागी लागलेली खूण शोधून दाखवणं, हे माझं काम.

माझी देखभाल करत प्रयोगशाळेतले काका. त्यांचं खरं नाव कुणाला आठवत नसे. त्यांना सगळे नाकाडे काका म्हणत. तिसऱ्या मजल्यावर कुणी लसूण सोलला, तर हे तळमजल्यावरून पाकळ्या मोजत.

एके काळी माझ्यापुढे डॉक्टरांची रांग लागे. मग दुसऱ्या मजल्यावर नवं यंत्र आलं आणि माझ्याकडचं येणंजाणं कमी झालं. माझी खोळ फाटली, तिच्या जागी प्लॅस्टिकची पिशवी आली. एकदा तर कुणीतरी माझ्या गळ्यात ओली छत्री अडकवली. "अहो, ती काय खुंटी आहे?" काका ओरडले. मला तेवढाच आधार.

अशात वरच्या वॉर्डात शिवणकाम करणाऱ्या एक ताई दाखल झाल्या. पाठभर फोड, बोटांवरसुद्धा. तोंडात इतक्या जखमा, की दहा दिवस गार दुधापलीकडे काही गिळता येत नव्हतं. सात महिने कुणी उष्णता म्हणालं, कुणी ॲलर्जी. त्वचेच्या डॉक्टरांना पेम्फिगसचा संशय होता. पण त्याचं औषध पहारेकऱ्यांनाच पेंग आणणारं. संशय खोटा निघाला आणि आत खरेच जंतू असले, तर पेंगत्या पहाऱ्यात ते घर धुऊन नेणार. म्हणून डॉक्टर म्हणाले, "आधी खालून पुरावा येऊ दे." नवं यंत्र नेमकं दुरुस्तीला गेलेलं. माझी आठवण झाली.

ताईंच्या कातडीचा मसुराएवढा तुकडा बाटलीतून खाली आला. काकांनी त्याचे पातळ काप केले, रंग लावला, माझा दिवा तापवला. प्रयोगशाळेच्या मॅडमनी डोळे लावले.

काळोख. सगळा कोरा काळोख.

"काका, काही नाही हो यात."

"दिवा अर्धा तास तापवलाय, मॅडम."

"मग नाहीच म्हणायचं." मॅडमनी अहवालावर सही करायला पेन उघडलं.

आणि काकांना शिंक आली. चार दिवस त्यांना सर्दी होती. ती शिंक एवढी दांडगी, की कपाटातल्या नऊशे काचपट्ट्या किणकिणल्या आणि मॅडमचं पेन टेबलाखाली गेलं. काकांचं नाक मात्र मोकळं झालं. त्यांनी हुंगलं, पुन्हा हुंगलं, रिकामी बाटली उचलून नाकाशी नेली.

"मॅडम, सही करू नका."

"का?"

"या बाटलीला फॉर्मलिनचा वास येतोय."

मित्रांनो, फॉर्मलिन म्हणजे नमुने टिकवायचं औषध. बाकी तपासण्यांना ते उत्तम. पण मी शोधतो ती खूण त्यात मरून जाते. म्हणून माझ्यासाठीचा तुकडा साध्या मिठाच्या पाण्यात ठेवावा लागतो. नव्या बाटल्या संपल्या होत्या, तेव्हा काकांनी फॉर्मलिनची जुनी बाटली तीनदा धुऊन वर पाठवली होती. धुतल्यावर हुंगून पाहायची, ही त्यांची रीत. या खेपेला हुंगली, पण नाकच चोंदलेलं. ज्या नाकाचा एवढा बोभाटा, ते बंद आहे हे सांगायची काकांना लाज वाटली.

"चूक माझी आहे," काका म्हणाले. "वर मीच जाऊन सांगतो."

मी काही जिना चढत नाही. पुढचं काकांनी मला पुसता पुसता सांगितलं. ताईंची थोरली बहीण उशाशी बसली होती. ती कडाडली, "पुन्हा कापणार? माझी बहीण काय कापडाचा तागा आहे?"

काका खाली मान घालून उभे राहिले. "तुम्ही रागवा. पण नमुना तेवढा द्या."

ताई दुखऱ्या तोंडाने सावकाश बोलल्या, "अक्का, राहू दे. माप चुकलं तर पुन्हा घ्यावंच लागतं." मग काकांकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत तरी. मी गिऱ्हाइकांना सांगायची नाही. कापडच आटलं म्हणायची." त्यांना हसू आलं, पण ओठ ठणकला म्हणून त्या थांबल्या.

या वेळी काका कोरीकरकरीत बाटली घेऊन स्वतः जवळ उभे राहिले. फोडात खूण विस्कटलेली असते, म्हणून फोडाचा नव्हे, फोडाशेजारच्या धड दिसणाऱ्या कातडीचा तुकडा घेतला गेला. दुसऱ्या दिवशी माझा दिवा पुन्हा तापला. तो म्हातारा दिवा, मध्येच थरथरायचा. मी त्याला म्हटलं, "बाबा रे, आजचा दिवस काढ."

मॅडमनी डोळे लावले. काळोखात हिरवी जाळी उजळली होती! प्रत्येक पेशीभोवती नाजूक रेघ, घराला घर लागून. इतकी सुंदर, आणि तीच कुणाची तरी कातडी उसवत होती.

"काका, डॉक्टरांना बोलवा! विझायच्या आत!" कारण ती चमक बघता बघता फिकी पडते. डॉक्टर तीन मजले धावत उतरले. एक चप्पल वाटेत सुटली. ती अजून जिन्यात त्यांना शोधतेय म्हणतात.

डॉक्टरांनी एकदाच पाहिलं. "हीच. आज संध्याकाळीच औषध सुरू करू."

ताई एका रात्रीत बऱ्या झाल्या, असं सांगायला माझी जीभ वळवळते आहे. पण इथे मी वाढवून सांगणार नाही. आठ महिने लागले. गोळ्यांनी चेहरा फुगला, मधे दोनदा नवे फोड आले, औषध बदललं. मग शिरेतून एक औषध गेलं आणि पहारेकरी हळूहळू निवळले.

एके सकाळी ताई आपल्या पायांनी तळमजल्यावर आल्या. गळ्यात मोजपट्टी. "कुठे आहे तो?" त्यांनी विचारलं, आणि माझ्या मानेला, कमरेला, चक्क पोटाला पट्टी लावली. "ताठ उभा राहा रे," म्हणाल्या. ज्या बोटांना सुई सोसत नव्हती, त्या बोटांनी त्यांनी मला खोळ शिवली. आतून मऊ, बाहेरून निळी, शिवाय भिंग पुसायच्या फडक्यासाठी एक खिसा. गळ्याशी अशी घट्ट, की छत्री अडकवायला जागाच नाही.

मित्रांनो, माझ्या भिंगाला बोटं लावू नका, एवढं मागणं आहे. आणि कुणाच्या अंगावर असे फोड दिसले तर लांब सरकू नका. हा आजार शिवल्याने लागत नाही, पण लांब सरकलेलं माणूस मात्र लागतं.

परवा खोळीचा एक टाका उसवला. काका घाबरले, ताईंना फोन लावला. त्यांनाही त्याच आठवड्यात पाठीवर एक छोटा फोड आला होता. डॉक्टरांना दाखवून त्या येतच होत्या. माझ्यासमोर बसून त्यांनी सुईत दोरा ओवला.

"पुन्हा उसवलं तर?" काकांनी हळूच विचारलं. खोळीचं विचारलं की फोडाचं, ते त्यांनाच ठाऊक.

ताईंनी दाताने दोरा तोडला. त्याच तोंडाने, ज्यात गार दुधापलीकडे काही जात नव्हतं.

"तर पुन्हा घालू," त्या म्हणाल्या. "आता कुठे उसवतं, ते माहीत आहे ना."