ढकलगाड्याच्या फळीवरचा माणूस

मित्रांनो, मी एक जुना ढकलगाडा आहे. गाडा म्हटले म्हणून चाके शोधू नका, मला ती नाहीत. खाली दोन लोखंडी पट्ट्या, पुढे छातीच्या उंचीवर जाड गादी आणि मागे उभे राहायला एक लाकडी फळी, एवढाच माझा संसार. अंडाकृती चेंडूचा फुटबॉल खेळणारे दांडगे गडी सरावात मला धडक देतात आणि गवतावरून ढकलत नेतात. धडका खाणे माझ्या नशिबी आले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आयोवातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे नांगरही बनत. मला निळा रंग दिला आणि ट्रकवर घालून ईरी सरोवराकाठी, स्टोकर्स संघाच्या मैदानावर आणून उतरवले. पहिल्या हंगामात माझे भारी कौतुक झाले, माझ्याशेजारी उभे राहून लोकांनी फोटो काढले. दुसऱ्या हंगामात ते माझ्यावर ओले मोजे वाळत घालू लागले.

माझ्या फळीवर उभे राहण्याचा मान काझ दुडेकचा. काझ हा पुढच्या रांगेतल्या बचावपटूंचा प्रशिक्षक, सगळे त्याला कोच म्हणत. शिट्टी तोंडात धरून तो फळीवर चढे. पहिल्या शिट्टीला गड्याने धडक द्यायची आणि दुसरी होईपर्यंत पाय थांबवायचे नाहीत. तेव्हा काझ असा शिडशिडीत होता की त्याचे वजन मला जाणवतही नसे. मात्र तो कुणासाठीही चढत नसे. इतरांनी रिकामा गाडा ढकलायचा. ज्याच्यासाठी कोच स्वतः चढतो तो रांगेचा खांब, असे त्या मैदानावर मानत. हा नियम कुणी सांगितला नव्हता आणि कुणी मोडतही नव्हते.

रुफस टॉलिव्हर लुइझियानातून आला तेव्हा पहिल्याच धडकेला त्याने मान खाली घातली. काझने गाड्यापलीकडे समोर उभे राहून त्याची खरडपट्टी काढली.

"अरे बैला, गवतात काय नाणं पडलंय तुझं? वर बघ, वर!"

"बघतोय की, कोच."

"काय डोंबल बघतोयस! माझं नाक दिसलं पाहिजे तुला."

थंडी पडायच्या आत काझ रुफससाठी फळीवर चढला. त्या दिवशी रुफसने घरी आईला फोन केला आणि बराच वेळ माझ्या गादीला टेकून बोलत राहिला.

त्याचे काम तसे बिननावाचे. रांगेच्या मधोमध उभे राहायचे, समोरचे दोन आडदांड गडी एकट्याने अंगावर घ्यायचे आणि ते गुंतून राहिले की मागच्या सोबत्यांनी चेंडूवाल्याला पाडायचे. टाळ्या सोबत्यांना मिळत. रुफस उठून चड्डीची माती झटकत असे. अशी दहा-बारा वर्षे गेली. त्याचे गुडघे कुरकुरू लागले, कानशिलावरचे केस पांढरे झाले. त्याच वर्षांत काझही बदलला. त्याची बायको जॅम भरलेले गोड गोळे तळून डब्यात द्यायची, त्यांना ते पाँच्की म्हणतात. ते सगळे काझच्या पोटावर उतरले आणि तिथून माझ्या पट्ट्यांवर. रोज डोळ्यांसमोर असणारा माणूस वाढलेला कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या मात्र येत होते, कारण दरवर्षी मी गवतात थोडा जास्त रुतत होतो.

मग रुफसचा करार संपला. तो पुढे ठेवायचा का आणि किती किमतीला, हे ठरवणे संघाची सर्वेसर्वा मार्गो लिंडक्विस्ट हिच्या हातात होते. बाई सरळ होती, पण भावनेने विरघळणारी नव्हती. रुफसचे काम सामन्यांच्या आकड्यांत फारसे दिसत नाही हे तिला ठाऊक होते. म्हणून तिने माझा आधार घेतला. दोन शिट्ट्यांच्या मध्ये कोणता गडी गाडा किती लांब नेतो, याची सरावात नोंद होत असे. रुफसचे अंतर दरसाल घटत चालले होते. त्याच्या जागेवर डोळा असलेला ट्रेव्हियन बूथ नावाचा तरणा गडी जवळजवळ दुप्पट अंतर जात होता.

एका सकाळी मार्गो स्वतः मैदानावर आली. काझ बाजूला उभा राहून शिट्टी वाजवत होता. ट्रेव्हियनने मला रिकामा ढकलला आणि पार पांढऱ्या रेषेपलीकडे नेला. मग रुफसची पाळी आली. काझ सवयीने फळीवर चढला, मी रुतलो, रुफसने धडक दिली. अर्ध्यावर दुसरी शिट्टी झाली.

"रुफस, मी आडवळणाने बोलत नाही," मार्गो म्हणाली. "सगळ्यात कमी पगाराचा करार देऊ शकते. नको असेल तर तुम्ही मोकळे."

त्या पगारात कुणाला ठेवले म्हणजे त्याला हंगामाआधीचे सराव शिबिर संपायच्या आत घरी पाठवतात, हे रुफसला आणि मलाही माहीत होते.

काझ फळीवरूनच कडाडला. "बाई, तुम्ही ह्या माणसाची किंमत भाजीसारखी करताय! मागच्या मोसमात मधला रस्ता कुणी अडवला?"

"काझ, आवाज चढवून अंतर वाढत नाही. मी अजून काय बघू? गाडा तोच, गवत तेच, शिट्टी तुमचीच."

काझने खाली आपल्या बुटांकडे पाहिले. खरे म्हणजे बूट त्याला दिसलेच नाहीत, मध्ये पोट आले. मग तो हळूच खाली उतरला. माझ्या पट्ट्या गवतातून वर आल्या.

"कोच, वर चढा," रुफस दबक्या आवाजात म्हणाला.

"नाही."

"अहो, पोरं बघताहेत. तुम्ही उतरलात म्हणजे मी संपलो असं होईल."

"तुला माहीत होतं?"

रुफसने मान फिरवली. "तुम्ही चढता म्हणून तर मी रोज येतो. तुम्हाला काय सांगणार होतो, वजन कमी करा म्हणून?"

"गाढवा," काझ म्हणाला. "मान घेऊन चाटायचाय का? हो तयार!"

शिट्टी झाली. काझ त्याच्यासाठी चढू लागल्यापासून रुफसने मला पहिल्यांदाच रिकामा ढकलला. त्याचे अंग काझच्या भाराला टेकायला शिकलेले. तो भारच नव्हता, त्यामुळे मी त्याच्या हातून सुटून सुसाट गेलो आणि तो गवतात तोंडावर आपटला. सगळे मैदान हसले. रुफस उठला, तोंडातले गवत थुंकला आणि म्हणाला, "परत."

दुसऱ्या वेळी तो पडला नाही. ट्रेव्हियनची रेषा ओलांडून मी पाण्याच्या पिंपावर जाऊन आदळलो.

मार्गो हसली नाही. "काझ, आता फळीवर चढा. ट्रेव्हियन, ढकल."

ट्रेव्हियनने दात-ओठ खाल्ले. मी हातभर सरकलो आणि थांबलो. "कोचनी नाश्त्याला काय कारखाना खाल्लाय का?" तो धापा टाकत म्हणाला. ह्यावर काझसुद्धा हसला.

मित्रांनो, मला कुणी विचारले नाही. विचारले असते तर मी खरे तेच सांगितले असते. रुफसची पहिली धडक पूर्वीची राहिली नव्हती. पण धडकेनंतर त्याचे पाय थांबत नसत, आणि त्या बाबतीत त्याच्या तोडीचा गडी माझ्या गादीला दुसरा लागला नाही. मार्गोला हे न सांगताच कळले असावे. तिने त्याला एका वर्षाचा करार दिला. तरुणपणीच्या पगाराचा नव्हे, पण मान खाली घालावी लागेल असाही नव्हे.

करार झाला त्या संध्याकाळी दोघे माझ्या फळीवर बसले. लाकूड करकरले. काझने डबा उघडला, मग बंद केला.

"उद्यापासून मी चढत नाही," तो म्हणाला.

"मग मी खांब कसला?"

"पोरांना विचार. तू पडलास तेव्हा ती हसली. दुसऱ्यांदा तू वाकलास तेव्हा एकाचाही आवाज आला नाही. मी खाली होतो ना, मला ऐकू आलं असतं."

रुफसने डबा ओढून घेतला आणि एक पाँच्की तोंडात टाकली. त्याचे डोळे भरले होते. खाता खाता त्याने ते बाहीला पुसले.

आता दोघेही इथे नाहीत. नव्या गाड्यावर आकडे उमटणारी काच आहे आणि त्याला फळीच नाही. मी कुंपणाशी पडून आहे, रंग उडाला, गादी उंदरांनी पोखरली. मित्रांनो, लोखंडाचे माझे मी बघून घेईन. तुम्ही फक्त फळीवर पाणी साचू देऊ नका, लाकूड कुजते. आणि कोण किती पुढे गेला हे मोजायला निघालात, तर आधी त्याच्या गाड्यावर कोण उभे आहे ते बघून या. कदाचित त्या माणसाला त्याने स्वतःच उतरू दिले नसेल.