चौथ्या मजल्याचा कॅमेरा

सहा मजल्यांच्या इमारतीत पॅसेजमध्ये कॅमेरा बसला तो फक्त चौथ्या मजल्यावर, तोही नेमका चित्राच्या दाराकडे तोंड करून. ती शाळेतून शिकवून परतली तेव्हा वायरमन शिडी उचलून गेलासुद्धा होता. 'सर्वांच्या सुरक्षिततेसाठी' असा मेसेज सेक्रेटरी उद्धवरावांनी ग्रुपवर टाकला होता आणि खाली नऊ जणांनी संमतीचे अंगठे टाकले होते. चित्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या 'सर्वां'मध्ये आपला मुलगा मिहिर धरलेला नाही, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मिहिर एकवीस वर्षांचा. ताथवड्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना आधी त्याची झोप गेली, मग आंघोळ सुटली, मग मित्र सुटले. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर त्याने चिकटपट्टी लावली. पंख्यातून दोन माणसं आपल्याबद्दल बोलतात, म्हणायचा. नातेवाइकांनी आईच्या लाडांपासून बाहेरच्या बाधेपर्यंत सगळं काढलं. डॉक्टरांनी मात्र स्किझोफ्रेनिया असं नाव सांगितलं आणि दोन गोष्टी विचारल्या. घराण्यात कोणाला असं होतं का? नवऱ्याचे एक काका असेच बडबडत घर सोडून गेले होते. मुलगा गांजा ओढायचा का? होस्टेलवर सहा महिने ओढला होता. "या गोष्टींनी धोका वाढतो," डॉक्टर म्हणाले, "पण दोष कोणाचाच नाही." हे वाक्य प्रत्येक नातेवाइकाच्या कानाशी ओरडून सांगावं, असं चित्राला कितीदा तरी वाटलं होतं.

गोळ्या लागू पडल्याला आता आठ महिने झाले होते. तेव्हापासून मायलेकांमध्ये एक ठरलं होतं. शंका आली की मिहिरने विचारायचं, "आई, हे खरंय की मला वाटतंय?" आणि आईने खोटं बोलायचं नाही, अगदी कधीच नाही. सुरुवातीला ती दिवसातून वीस वेळा सांगायची, "वाटतंय रे." मग दहा वेळा, मग दोनदा. गेल्या महिन्यापासून तो संध्याकाळी एकटा खाली जाऊन दूध आणत होता. रोज त्या वेळेला नवरा हरिहर चाकणहून, कामावरून फोन करून विचारायचा, "आणलं का त्याने?"

आज मिहिर बूट घालून दाराच्या आतच उभा होता. हातात रिकामी पिशवी.

"आई, समोर कॅमेरा आहे. तो माझ्यावरच लावलाय. हे खरंय की मला वाटतंय?"

'वाटतंय' म्हटलं तर तिचा शब्द संपला. उद्या तिने हातावर ठेवलेली गोळी तरी तो कशाला घेईल? 'खरंय' म्हटलं तर हा पोरगा पुन्हा महिनोन्महिने दाराबाहेर पडायचा नाही. आणि हे सगळं त्या नऊ अंगठ्यांपायी!

"थांब," ती म्हणाली. "ज्यांनी लावलाय त्यांनाच विचारू."

उद्धवराव पहिल्या मजल्यावर चहा पीत बसले होते.

"चित्राताई, गैरसमज करून घेऊ नका. लोकांचं म्हणणं..."

"वर चला. माझ्या मुलाला एक विचारायचंय. उत्तर तुम्ही द्यायचं."

"अहो, चहा तरी..."

"निवू दे चहा!"

ती इतक्या जोरात ओरडली की वरच्या मजल्यावर कोणीतरी दार उघडलं. उद्धवराव निमूट चप्पल सरकवून निघाले.

मिहिरने त्यांना तेच विचारलं, त्याच शब्दांत. उद्धवरावांनी चित्राकडे पाहिलं. तिने मदत केली नाही.

"खरंय बाळा," ते शेवटी म्हणाले. "परवा तू लिफ्टपाशी एकटाच हसत होतास. लोकांना भीती वाटते."

"मी कोणाला काही केलंय का?"

"केलं नाहीस. पण करशील, असं वाटतं."

मिहिरने पिशवीची घडी केली.

"मलापण असंच वाटायचं, काका. लोक मला काहीतरी करतील असं," तो म्हणाला. टोमणा नव्हता, तो खरंच सांगत होता. "मी गोळी घेतो."

चित्राने आतून स्टूल आणून कॅमेऱ्याखाली आपटलं, वर स्क्रूड्रायव्हर ठेवला.

"काढा."

"ताई, मीटिंग घ्यावी लागेल..."

"लावताना घेतली होती?"

उद्धवरावांनी एक पाय स्टुलावर ठेवला. स्टूल डुगडुगलं. मिहिरने पिशवी काखेत मारली आणि काका पडू नयेत म्हणून दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.